सातबारावरचा शेरा पूर्ण वाक्यात लिहा!

पोस्ट मोठी आहे. पण ज्याच्या नावावर एक गुंठा जरी जमीन आहे, त्यानं शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मंडळी, आपला सातबारा काढा. मोबाईलवर असेल तर मोबाईलवर, नसेल तर घरातल्या कागदाच्या पिशवीतला. सातबारा हातात आला की आपण आधी नाव बघतो, मग क्षेत्र बघतो आणि बोजा किती आहे ते बघतो. आज तेवढं सोडा आणि 'कुळ, खंड व इतर अधिकार' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.

कुणाच्या उताऱ्यावर 'न.अ.श.' दिसेल. कुणाच्या 'नि.स.प्र.', कुणाच्या 'कु.का.क. ४३ ला पात्र'. कुठं 'पुनर्वसनासाठी राखीव', कुठं 'इनाम जमीन', कुठं नुसतंच 'हस्तांतरणास बंदी'. 'अ.पा.क.', 'ए.कु.मॅ.', 'तुकडा' हे तर गावोगाव. शेजारी कंसात एक फेरफार क्रमांक असतो. कधी तोही नसतो.

आता याचा अर्थ पाच जणांना विचारा. तलाठी एक सांगेल, रजिस्ट्री ऑफिससमोर बसलेला स्टॅम्प वेंडर दुसरं, बँकेतला फिल्ड ऑफिसर तिसरं, वकील चौथं. पाचवा दलाल. तो अर्थ सांगत नाही, 'काम करून देतो' म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. जमिनीवर बंधन असेल तर ते कशाचं आहे, कोणत्या व्यवहाराला आहे, परवानगी कोण देणार आणि ते संपणार कधी, हे त्या रकान्यात सरळ मराठीत, पूर्ण वाक्यात, सगळ्या राज्यात एकाच नमुन्यात लिहिलेलं असलं पाहिजे. आज तसं नाही, आणि त्यात पैसा आणि वर्षं जातात ती गरीब खातेदाराची.

आधी एक गैरसमज नको. बंधनं काढून टाका असं मी म्हणत नाही. त्यातली बरीच बंधनं गरिबाच्याच रक्षणासाठी आलीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम २९ प्रमाणे भोगवटादाराचे वर्ग आहेत. वर्ग-१ म्हणजे जमीन विकायला सरकारची परवानगी लागत नाही. वर्ग-२ म्हणजे जमीन पिढ्यान् पिढ्या तुमचीच, पण हस्तांतरणावर बंधन. कुळाला मिळालेली जमीन, सीलिंगची जमीन, भूमिहीनाला सरकारनं दिलेली, भूदानातली, देवस्थानची, इनामाची, प्रकल्पग्रस्ताला मिळालेली, असे कितीतरी प्रकार यात येतात. महसूल खात्याच्या गाव नमुना १-क मध्ये अशा जमिनींच्या चौदा याद्या ठेवायच्या असतात.

किनवट-माहूरकडं बघा. तिथल्या आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीनं परस्पर घेऊ नये म्हणून संहितेत कलम ३६-अ आहे, १९७४ पासून. हे कलम नसतं तर डोंगरपट्ट्यातल्या किती जमिनी उधारीच्या वहीवर गेल्या असत्या, हे सांगायची गरज नाही. ज्या भूमिहीनाला सरकारनं दोन एकर दिले, त्यानं ते अडचणीत असताना कवडीमोलानं विकू नयेत म्हणून अट आहे. ती योग्यच आहे.

पण अट योग्य असली तरी ती ज्याच्यासाठी आहे त्याला वाचता आली पाहिजे ना! तीन अक्षरं आणि तीन टिंबं लिहून खातेदाराचं रक्षण कसं होणार? तो बिचारा दुसऱ्याला अर्थ विचारायला जातो, आणि तिथंच फसतो.

पहिली अडचण: कायदा कोणता?

हा प्रश्न आपल्या मराठवाड्यात जास्त टोकदार आहे. कारण आपली जमीन निजामाच्या राज्यातून आली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. उदगीर, अहमदपूर, निलंगा बिदर जिल्ह्यातून आले. किनवट आदिलाबादमधून आलं. नंतर १९८२ ला उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. जिल्हे बदलले, राज्य बदललं, कागदाची भाषा उर्दूची मराठी झाली. पण जमिनीचे कायदे बरेचसे हैदराबादचेच राहिले.

कुळकायद्याचंच घ्या. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबईचा कुळकायदा चालतो. त्यातलं कलम ४३ म्हणजे कुळानं घेतलेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. विदर्भाचा कायदा १९५८ चा, तिथं कलम ५७. आपला कायदा आहे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५०, आणि त्यात याच कामाचं कलम आहे ५०-ब. आता आपल्याकडच्या उताऱ्यावर 'कु.का.क. ४३' असा शेरा असेल, तर तो कोणत्या कायद्याचा समजायचा? जो कायदा इथं लागूच नाही त्याच्या कलमाचा शेरा आला कुठून? आणि नुसतं 'कुळकायदा' लिहिलं असेल तर खातेदारानं अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा?

हा शब्दांचा कीस नाही. यात रोख रक्कम आहे. २०१४ मध्ये तिन्ही कुळकायद्यांत दुरुस्ती झाली. कुळानं जमीन घेतल्याला दहा वर्षं उलटली असतील तर विक्रीसाठी पूर्वपरवानगीची गरज नाही, शेतसाऱ्याच्या आकाराच्या चाळीस पट नजराणा भरायचा, बाकी काही अटी पाळायच्या. आपल्याकडं जिरायत जमिनीचा आकार किती असतो? काही रुपये. समजा दोन हेक्टरचा आकार सहा रुपये आहे. चाळीस पट म्हणजे दोनशे चाळीस रुपये! सरकारजमा करायची रक्कम दोनशे चाळीस, आणि 'साहेबाकडून शेरा काढून देतो' म्हणणारा मागतो ती रक्कम कितीतरी पट. ही दरी कशी तयार झाली? उताऱ्यावर 'चाळीस पट भरून मोकळं होता येतं' हे वाक्य नाही म्हणून.

इनामाचं असंच. निजामकाळात एखाद्याच्या उदरनिर्वाहासाठी दिलेली जमीन ती मदतमाश. मंदिर, मशीद, दर्गा यांच्या सेवेपोटी दिलेली ती खिदमतमाश. दोन्ही 'इनाम'च. पण दोन्हींचे नियम वेगळे, कारण एकीत माणसाचा हक्क आहे आणि दुसरीत देवस्थानाचा. मदतमाश जमिनींचा नजराणा बाजारभावाच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२४ मध्ये घेतला. आता ज्याच्या उताऱ्यावर फक्त 'इनाम जमीन' एवढंच आहे, त्याला या निर्णयाचा फायदा मिळणार की नाही? हे ठरवायला त्याला मुन्तखबपासून १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत जुने कागद शोधत फिरावं लागतं. शेरा लिहिणाऱ्यानं 'मदतमाश' हा एक शब्द लिहिला असता तर दोन पिढ्यांची पायपीट वाचली असती.

दुसरी अडचण: बंदी नेमकी कशाला?

'हस्तांतरणास बंदी' एवढंच लिहिलं की सगळे सगळ्याला नाही म्हणायला मोकळे.

पेरणीच्या तोंडावर माणूस बँकेत जातो. बाहेर येऊन सांगतो, "साहेब म्हणायलेत, वर्ग दोन हाय, कर्ज बसत नाही." खरं काय आहे? संहितेच्या कलम ३६ च्या पोटकलम ४ मध्ये स्पष्ट तरतूद आहे. वर्ग-२ चा भोगवटादार आपली जमीन सरकार, सहकारी संस्था, स्टेट बँक, राष्ट्रीयीकृत बँका यांच्याकडं कर्जासाठी तारण ठेवू शकतो. कायद्यानं दार उघडं ठेवलंय, पण उताऱ्यावरचा शेरा ते दार दाखवत नाही. बँकेतला माणूस उतारा बघतो, संहिता उघडत नाही. मग तो शेतकरी कुठं जातो? खासगी सावकाराकडं. म्हणजे सावकारापासून वाचवायला लिहिलेला शेराच त्याला सावकाराच्या दारात नेऊन सोडतो.

वारसाचंही तेच. खातेदार वारला की त्याची बायको, पोरं, पोरी यांची नावं लागणं हे काही विक्री-खरेदी नव्हे. त्याला हस्तांतरणाची बंदी आड येत नाही. तरी "जमिनीवर शेरा आहे, आधी परवानगी आणा" असं सांगून वारसाचा फेरफार लटकवल्याच्या तक्रारी कानावर येतातच. विधवा बाई तहसीलला चार चकरा मारते आणि गप्प बसते. नाव लागत नाही. नाव नाही म्हणून पीकविमा नाही, अनुदान नाही, अतिवृष्टीची मदतही नाही.

आता तर रस्त्यांसाठी भूसंपादन सुरू आहे, जालना-नांदेड द्रुतगतीचं काम आपल्या डोळ्यांसमोर आहे. मावेजाची फाईल निघाली की पहिलं कागदपत्र सातबारा. इतर अधिकारात अर्धवट शेरा असला की शेजाऱ्याचा चेक निघतो आणि याची फाईल 'अभिप्रायासाठी' फिरत राहते. त्या शेऱ्याचा अर्थ काय हे ठरवायला एक टेबल दुसऱ्या टेबलाला पत्र लिहितं.

तिसरी अडचण: कधीपर्यंत?

शेरा चढतो तेव्हा त्याला कारण असतं. कारण संपलं तरी शेरा उतरत नाही, कारण तो कधी उतरवायचा हे त्यात लिहिलेलंच नसतं.

'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार लहान आहे, त्याच्या वतीनं कुणीतरी जमीन बघतंय. बरोबर. पण तो अठरा वर्षांचा झाला की शेऱ्याचं काम संपलं. आपल्याकडं चाळिशी ओलांडलेला, पोरीच्या लग्नाची बैठक करणारा माणूस सातबारावर अजून अज्ञान असतो! 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लागलं, बाकीचे भाऊ-बहिणी त्या तीन अक्षरांच्या मागं राहिले. थोरला वारला, त्याच्या पोरांची नावं वारस म्हणून आली, आणि धाकट्यांचा हिस्सा कोर्टात गेला. तगाई, बंडिंगचे बोजे आजोबाच्या काळात फिटले, तरी नातवाच्या उताऱ्यावर आहेतच.

हे मी एकटाच म्हणत नाही, सरकारनंही मान्य केलंय. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली. आधी मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी घेतल्या, दुसऱ्या टप्प्यात असे कालबाह्य शेरे काढायला घेतले. अपाक, एकुमॅ, तगाई, बंडिंग हे सगळे त्या यादीत आहेत. मोहीम चांगली आहे, त्याबद्दल दोन शब्द चांगलेच बोलू. पण मोहीम का काढावी लागली हा प्रश्न कुणी विचारला का? शेऱ्यातच 'खातेदार सज्ञान होताच ही नोंद रद्द समजावी' असं लिहिलं असतं तर मोहीम कशाला लागली असती? आज जे शेरे चढताहेत ते पुन्हा तसेच अर्धवट चढत असतील, तर पंचवीस वर्षांनी पुन्हा एक मोहीम काढावी लागेल.

तुकडेबंदीनं तर लोकांना गरगर फिरवलं. मूळ कायदा १९४७ चा. जुलै २०२१ मध्ये नोंदणी खात्याचं परिपत्रक आलं आणि गुंठ्या-गुंठ्याचे दस्त थांबले. मे २०२२ मध्ये आपल्याच औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे असं झालं. जुने व्यवहार नियमित करायचा दर आधी बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ५ टक्के झाला. मग २०२५ च्या शेवटाला नागरी आणि विकास आराखड्याच्या भागातले जुने व्यवहार शुल्काशिवायच नियमित करायचं ठरलं. एवढं सगळं घडलं. नांदेड-लातूरच्या कडेला पोटाला चिमटा काढून दीड गुंठा घेतलेल्या माणसाच्या उताऱ्यावर मात्र तेवढ्या सगळ्या काळात एकच शब्द होता, 'तुकडा'. त्याला कोणता नियम लागू, कोणत्या तारखेचा, हे त्या शब्दात कुठं आहे?

यात कमावतो कोण?

ज्याला अर्थ माहीत आहे तो. शेरा जितका संदिग्ध तितका दलालाचा धंदा बरकतीत. तो आधी खातेदाराला घाबरवतो, "सरकारजमा होईल जमीन." घाबरलेला माणूस निम्म्या भावात इसारपावती करून देतो. मग तोच शेरा काही महिन्यांत 'कमी' होतो आणि जमीन पूर्ण भावात पुढं जाते. यात बेकायदा काय झालं ते दाखवणंही अवघड. फक्त माहितीची किंमत वसूल झाली. ती माहिती फुकट, उताऱ्यावरच मिळायला हवी होती.

उलट बाजूही आहे. घेणारा फसतो. शेरा संगणकावर चढवताना गळाला, उतारा कोरा दिसला, म्हणून माणसानं आयुष्याची कमाई ओतली. पण बंधन शेऱ्यामुळं लागत नाही, कायद्यामुळं किंवा मूळ आदेशामुळं लागतं. शेरा नसला तरी बंधन जात नाही, आणि नुसता शेरा लिहिला म्हणून बंधन तयार होत नाही. वर्षांनंतर शर्तभंगाची नोटीस आली की विकणारा गायब आणि घेणारा उघड्यावर. म्हणून तर शेऱ्यात त्याचं मूळ लिहिलेलं पाहिजे. हाताचे सातबारे संगणकावर आले तेव्हा किती चुका झाल्या हे २०१७ च्या चावडी वाचनात सगळ्यांनी बघितलंय.

दुसरीकडं काय करतात?

लांबचं उदाहरण आधी. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमिनीचं सरकारी नोंदणी दप्तर आहे. २००२ चा कायदा आणि २००३ चे नियम. त्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात बंधनांची ठरलेली वाक्यंच छापलेली आहेत. प्रत्येक वाक्याला इंग्रजी अक्षराचं नाव, 'ए' पासून पुढं. कर्ज देणाऱ्या बँकेची लेखी संमती असल्याशिवाय व्यवहार नोंदवू नये, यासाठी एक ठरलेलं वाक्य. जमीन अनेकांच्या हिताची आहे, एकटा उरलेला मालक पैसे घेऊन मोकळा होऊ नये, यासाठी 'ए' नमुना. आपलं 'ए.कु.मॅ.' ज्या दुखण्यावर आहे, जवळपास त्याच दुखण्यावरचं ते औषध, फक्त ते पूर्ण वाक्यात लिहिलंय. कुणाला वेगळं वाक्य हवं असेल तर ते वाजवी आहे आणि अंमलात आणायला सोपं आहे, अशी नोंदणी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. वाट्टेल ते लिहिता येत नाही.

ते लोक श्रीमंत आहेत, त्यांचं सोडा असं कुणी म्हणेल. पण वाक्य लिहायला काय धरण बांधावं लागतं? छापील नमुना ठरवायला लागतो तो कागद आणि चार जाणती माणसं.

आता जवळचं उदाहरण, आणि हे इशारा म्हणून. आपल्या देगलूर-बिलोली-धर्माबादच्या पलीकडं तेलंगणा. तिथं ऑक्टोबर २०२० मध्ये 'धरणी' पोर्टल आलं. मोठा गाजावाजा झाला. पण नोंदणी कायद्याच्या कलम २२-अ खालच्या निषिद्ध यादीत ज्यांच्या जमिनी चुकून गेल्या, त्यांना संगणक फक्त 'नाही' म्हणायचा. का नाही, कुणाच्या आदेशानं नाही, हे कळायचं नाही. विक्री बंद, कर्ज बंद. शेवटी सरकार बदललं, कायदा बदलला, एप्रिल २०२५ पासून 'भू भारती' आलं. सीमेपलीकडं सोयरीक असलेल्यांना हे माहीत आहे. आपलाही सातबारा आता पूर्ण डिजिटल झालाय. संगणकात संदिग्ध शेरा भरला तर तो संगणकाच्या वेगानं संदिग्धच बाहेर येणार.

मग करायचं काय?

प्रत्येक शेऱ्यात पाच गोष्टी असल्याच पाहिजेत:

१. कोणता कायदा, कोणतं कलम, किंवा कोणता आदेश, क्रमांक आणि तारखेसह.
२. कोणता व्यवहार बंद आहे आणि कोणता चालू.
३. परवानगी कोण देणार.
४. बंधन कधी किंवा काय केल्यावर संपणार.
५. कोणत्या फेरफारानं ही नोंद आली.

नमुना म्हणून मी माझ्या शब्दांत तीन लिहून बघतो. जाणकारांनी यात सुधारणा सांगाव्यात.

'न.अ.श.' ऐवजी: "ही जमीन शासनाने अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या आदेशाने शेतीसाठी दिली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री, बक्षीस, अदलाबदल करता येणार नाही. संहितेच्या कलम ३६(४) प्रमाणे सहकारी संस्था व बँकेकडे कर्जासाठी तारण ठेवता येईल. वारस नोंदीस अडथळा नाही. वर्ग-१ करण्याचे नियम लागू. फेरफार क्रमांक अमुक."

'कु.का.क.' ऐवजी: "हैदराबाद कुळवहिवाट अधिनियम १९५०, कलम ५०-ब खालील जमीन. प्रमाणपत्राची तारीख अमुक. त्या तारखेपासून दहा वर्षे पूर्ण झाल्यावर, कायद्यातील इतर अटी पाळून, आकाराच्या चाळीस पट नजराणा भरल्यास विक्रीस पूर्वपरवानगीची गरज नाही. वारस नोंदीस अडथळा नाही. फेरफार क्रमांक अमुक."

'अ.पा.क.' ऐवजी: "खातेदार अज्ञान. जन्मतारीख अमुक. पालनकर्ता अमुक. खातेदार अमुक तारखेस सज्ञान होईल, त्या दिवसापासून ही नोंद रद्द."

यात कुठला अवघड शब्द आहे? सातवी शिकलेला माणूस वाचू शकतो, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्याची शाळेतली नात वाचून दाखवू शकते.

महसूलवाल्यांचं म्हणणं मला माहीत आहे. पहिलं, जागा पुरत नाही. अहो, हाताच्या सातबारावर जागा पुरत नव्हती, म्हणून टिंबं आली. संगणकावर जागेचा काय प्रश्न? नमुन्यांना क्रमांक द्या. उताऱ्यावर क्रमांक आणि खाली वाक्य. दुसरं, काम वाढेल. एका तलाठ्याकडं, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, दोन-दोन सज्जे असतात हे खरं आहे आणि त्यांच्यावरच सगळं ढकलू नये हेही खरं. म्हणून जुने सगळे शेरे एका रात्रीत बदला असं कुणीच म्हणत नाही. नवा शेरा मात्र आजपासून ठरलेल्या वाक्यातच घ्या. जुना शेरा त्या गटाचा पुढचा फेरफार होईल तेव्हा दुरुस्त करा. तिसरं म्हणणं जरा वजनदार आहे. शेऱ्यात कायदा चुकीचा लिहिला गेला तर लोक त्यावर भरवसा ठेवून फसतील. बरोबर. पण संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरतात. म्हणजे आजही लोक भरवसा ठेवतातच, फक्त अर्धवट शब्दांवर ठेवतात. पूर्ण वाक्य चुकलं तर चूक पकडता तरी येते. 'न.अ.श.' मधली चूक कोण पकडणार?

एक भीती माझीही आहे. हे काम 'शेरे कमी करा' एवढ्यावरच थांबलं तर मोठ्यांचं फावेल. किनवटच्या आदिवासी खातेदाराच्या उताऱ्यावरचा ३६-अ चा शेरा ही त्याची ढाल आहे. देवस्थानच्या जमिनीवरचा शेरा गेला तर दिवाबत्तीला तेल कुठून येणार? तिथं शेरा आणखी ठळक हवा: "बिगर-आदिवासी व्यक्तीस विक्री करायची असल्यास शासनाची पूर्वमान्यता घेऊन जिल्हाधिकारीच परवानगी देऊ शकतात." एवढं लिहिलं असेल तर "माझी तहसीलात ओळख आहे, करून घेतो" म्हणणाऱ्याचं तोंड तिथंच बंद होईल.

नांदेड आणि लातूरच्या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडं माझी जाहीर मागणी आहे. राज्याचं राज्य बघेल. तुम्ही तुमच्या जिल्ह्यात एकेक तालुका घ्या. त्या तालुक्यातल्या सातबारांवर किती प्रकारचे शेरे आहेत, किती वेगवेगळ्या शब्दांत आहेत, किती शेऱ्यांना आदेश क्रमांक नाही, याची यादी काढा आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. हैदराबादचे कायदे कळणारे निवृत्त नायब तहसीलदार, उर्दू वाचणारे जुने वकील अजून आपल्यात आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील. त्यांना बसवा आणि मराठवाड्यापुरते तरी शेऱ्यांचे नमुने तयार करून मंत्रालयात पाठवा. आमदारांनी हा प्रश्न अधिवेशनात विचारावा. रस्त्याच्या उद्घाटनाइतका फोटो याला येणार नाही, पण घराघरात पोचेल.

आणि तुम्ही, वाचकांनी काय करायचं? तुमच्या उताऱ्यावर शेरा असेल तर त्याच्या शेजारचा फेरफार क्रमांक लिहून घ्या. त्या फेरफाराची नक्कल मागा. जुना असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळेल. त्यात आदेशाचा क्रमांक आहे का बघा. असेल तर त्या आदेशाची नक्कल मागा. नसेल तर लेखी विचारा की हा शेरा कोणत्या कायद्याखाली, कोणत्या आदेशानं आहे. तोंडी विचारू नका. अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. शेरा लिहिण्यातली चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदाराकडं होतो. हे सगळं होईपर्यंत कुणालाही इसार देऊ नका, कुणाकडून घेऊ नका, आणि कोऱ्या बाँडवर सही तर अजिबात करू नका.

तुमच्या उताऱ्यावर काय शब्द लिहिलेत ते खाली कमेंटमध्ये टाका. गट नंबर, नाव टाकू नका, फक्त शेऱ्याचे शब्द आणि तालुका टाका. आपणच पहिली यादी करू आणि दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देऊ.